काशाच्या वाडग्याचा आवाज

खडखडे हे काकांचं आडनाव नव्हतं. ते रस्त्याने चालू लागले की खांद्यावरच्या पिशवीतली कुलपं, डब्यांची झाकणं, तुटक्या कड्या, करवंट्या अशी सगळी मंडळी आपापसांत बोलू लागत, म्हणून गल्लीने त्यांना ते नाव दिलं. पुढे ते असं चिकटलं की एकदा एक पार्सलसुद्धा त्याच नावाने बिनचूक घरी आलं. काकांना त्याचा राग नव्हता. कुणी नव्याने भेटलं की तेच आधी सांगून टाकत, "मी खडखडे. मला दार वाजवावं लागत नाही."

आवाज करणं हाच त्यांचा धंदा. आधी नाटकांसाठी, मग सिनेमांसाठी, आणि अलीकडे संगणकावरच्या खेळांसाठी. पडद्यावर घोडा दौडतो तेव्हा वाळूच्या परातीत करवंट्या आपटणारा माणूस कुणाला दिसत नाही. तो माणूस म्हणजे काका. बर्फावरची पावलं ते पिठाची पिशवी दाबून काढत, आग काढत ती बिस्किटांच्या पुड्याचा कागद चुरगाळून. हाड मोडायचं असेल तर गाजर मोडत, आणि काम झालं की ते गाजर खाऊन टाकत. खाण्याचं त्यांना अतोनात प्रेम. पोट आधी खोलीत शिरायचं आणि काका मागाहून यायचे. सिनेमात कुणाची हाडं मोडायची असली की बाजारातून जरा जास्तच गाजरं आणली जात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची कामाची खोली घरामागे, अंगण ओलांडून. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, दाराला रबराची पट्टी, मधोमध एक मायक्रोफोन, आणि त्याच्याभोवती जगातली सगळी अडगळ. आत बसलं की बाहेर ढग गडगडले तरी कळत नसे. आत पोचायचा तो एकच आवाज, आणि तो पोचायचा कारण तो दार उघडून आत यायचा. तो काकूंचा.

काकू तरुणपणी बसस्थानकावर गाड्या पुकारायच्या. काकांनी त्यांना पाहिलं ते पुष्कळ नंतर, आधी ऐकलं. अमुक गावाला जाणारी गाडी तमुक फलाटावर लागली आहे, इतकंच काय ते वाक्य, पण काकू ते असं म्हणायच्या की त्या गावाला आपली कुणीतरी वाट बघत आहे असं वाटायचं. काका त्या आवाजापायी मुद्दाम गाड्या चुकवू लागले. शेवटी त्यांनी चौकशीच्या खिडकीत डोकं घालून विचारलं की बाई, लग्नाची गाडी कधी सुटते. काकूंनी आतून उत्तर दिलं होतं की गर्दी आहे, रांगेत या.

मग उतारवयात काकूंच्या घशाला दुखणं झालं. डॉक्टरांनी दुखणं काढलं, त्याबरोबर आवाजही गेला. उरली ओठांची हालचाल आणि श्वासाची एक फुंकर. ज्या माणसाने जन्मभर कानांवर पोट भरलं, त्याला म्हातारपणी डोळ्यांनी ऐकायला शिकावं लागलं. काका शिकले. काकूंच्या ओठांवरचा टोमणा त्यांना टोमण्यासारखाच लागायचा, काही कमी नाही.

फक्त जेवायला बोलवायचं कसं, हा प्रश्न राहिला होता. तो काकूंनी एका काशाच्या वाडग्याने सोडवला. जेवण वाढून झालं की त्या काकांचा वाडगा हातात घेत, अंगण ओलांडत, दार ढकलत आणि चमच्याने वाडग्याच्या कडेवर दोनदा मारत. काका काहीही करत असोत, कुणाचा खून पडत असो की जहाज बुडत असो, ते तिथल्या तिथे सोडून उठत. किती रेकॉर्डिंगं त्यापायी फुकट गेली. पण त्या दोन ठोक्यांत काकांना ते बसस्थानक ऐकू यायचं, आणि आपल्याला कुणीतरी पुकारतंय याहून मोठं सुख त्यांना माहीत नव्हतं.

अशात त्यांची पुतणी एक काम घेऊन आली.

पुतणी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. लहानपणापासून काकांच्या खोलीत लोळलेली, आता चारपाच माणसं जमवून खेळ बनवणारी. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर तिची कार्यशाळा होती. यावेळचा खेळ दुष्काळावर होता. खूप जुना, पणजोबांच्याही आधीचा दुष्काळ, ज्याच्याबद्दल आता कुणी बोलत नाही. खेळात एक घर. घरात आजी, आई, बाप आणि दोन मुलं. पडद्यावर पाच वाडगे ओळीने मांडलेले. खेळणाऱ्याने रोज मिळेल तेवढं धान्य त्या पाच वाडग्यांत वाटायचं, बस्स. कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. पुढचं पीक येईपर्यंत घर टिकवायचं.

काकांनी विचारलं की मग चित्रात काय दिसणार, हाडांचे सापळे? पुतणी म्हणाली, नाही. तिने दोन नियम केले होते. उपाशी माणसाचं शरीर दाखवायचं नाही, आणि मूल रडताना ऐकवायचं नाही.

"ती माणसं आपल्याला तमाशा दाखवायला मेली नाहीत, काका," ती म्हणाली. "मी चूल दाखवीन, दार दाखवीन, वाडगे दाखवीन. बाकीचं तुम्ही ऐकवायचं."

काकांची छाती त्या दिवशी पोटाच्या पुढे गेली.

त्यांनी जीव ओतून काम केलं. धान्य साठवायच्या रिकाम्या कणगीत वारा शिरला तर कसा घुमेल, ते त्यांनी पिंपात तोंड घालून काढलं. सांडलेले दाणे शोधायला बाई जमीन झाडते तो खराटा काढला. आधी दाणे उड्या मारतात, मग नुसती माती सरकते, मग केवळ सवयीने झाडणं चालू राहतं. भुकेचा आवाज म्हणून त्यांनी स्वतःचं पोट रेकॉर्ड करायचं ठरवलं आणि सकाळपासून निर्जळी धरली. काकूंनी त्यांच्यासमोर बसून निवांतपणे अंडी-पाव खाल्ला. दुपार व्हायच्या आत काका हरले. जेवढं पोट वाजलं होतं तेवढं पुतणीला ऐकवलं, तर ती म्हणाली, "काका, ही भरल्या घरची गुडगुड आहे. हिला माहीत आहे की जेवण शिजतंय." काकाही हसले, पण मनातून त्यांना ते लागलं. खरी भूक आपल्याला वाजवता यायची नाही, हे त्यांनी त्या दिवशी मान्य केलं.

शेवटी एकच आवाज राहिला होता. घरात धान्य आलं, वाडग्यात थोडं जास्त पडलं, की खेळणाऱ्याचा जीव सुखावेल असा आवाज. असा आवाज प्रत्येक खेळात असतो, पण तो बहुतेक खेळण्यातल्या घंटीसारखा असतो. पुतणीला तसला नको होता. काकांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून काशाचा वाडगा आणला, घासून पुसून लख्ख केला, तीन बोटांवर तोलून धरला आणि चमच्याने कडेवर हलकेच मारलं. असा नितळ नाद निघाला की तो विरेपर्यंत काकांनी श्वास धरून ठेवला. पुतणीला त्यांनी तो पाठवला. कशाचा आहे ते मात्र सांगितलं नाही. एवढंच कळवलं की हा माझ्याजवळचा सगळ्यात चांगला आवाज आहे, जपून वापर.

माडीवर तो सगळ्यांना आवडला. खेळाचं गणित सांभाळणारा एक तरुण होता, ज्याला सगळे गणित्याच म्हणत. त्याने त्या आवाजासाठी साधा नियम लिहिला. माणशी अन्न वाढलं की आवाज वाजेल.

मग चाचणीचा दिवस आला. खेळ पुरा होण्याआधी काही परकी माणसं बोलावतात, त्यांना खेळायला बसवतात आणि मागे उभं राहून गुपचूप बघतात. काकाही गेले होते, नवा सदरा घालून. पडद्यासमोर एक मध्यमवयीन शिक्षिका बसल्या. त्यांनी वाडगे फार काळजीने भरले. मुलांना जास्त, बापाला बेताचं, आजीला उरलंसुरलं. खराट्याचा आवाज आला, कणगी घुमली. काका मागे उभे राहून प्रत्येक आवाजाला मान डोलावत होते. खेळातले दिवस सरले आणि एका सकाळी आजीचा वाडगा उपडा झाला. आजी गेली.

आणि त्याच क्षणी, नितळ, प्रसन्न, तो नाद वाजला.

शिक्षिकाबाई दचकल्या, मग त्यांना हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते, माणूस गोंधळला की येतं तसं. गणित्याने कपाळाला हात लावला. पाच तोंडांची चार झाली होती, तेवढंच अन्न चौघांत वाटलं गेलं, म्हणजे माणशी वाढलं, म्हणजे आवाज वाजणारच. नियम चुकला नव्हता, त्याने आजी गेल्याचा आनंद तेवढा केला होता. काका भिंतीला टेकले. त्यांची बायको जेवायला बोलवत होती, आणि समोर आजी मेली होती.

चाचणी संपल्यावर गणित्या म्हणाला, दोन ओळींचं काम आहे, आत्ता काढतो. पुतणीने त्याला थांबवलं. शिक्षिकाबाई जाताना तिला दारात काहीतरी सांगून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या की आधी मला हसू आलं, मग बरं वाटलं की आता चौघांना पुरेल, आणि मग आपल्याला बरं वाटलं याची अशी शरम वाटली की पुढचा घास वाटवेना. पुतणी म्हणाली की सबंध खेळात मी जे सांगायला धडपडतेय ते या एका चुकीने सांगितलं. त्या दुष्काळातून वाचलेल्या माणसांनी जन्मभर तोंड मिटून ठेवलं ते याच शरमेपायी. आवाज राहू दे.

काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले. पिशवीसुद्धा वाजली नाही.

"तो आवाज परत दे मला," ते म्हणाले.

"काका, तुम्हीच दिलात ना?"

"दिला तो जेवायच्या हाकेचा. ती तुझी काकू आहे, पोरी."

पुतणीला तेव्हा कळलं. ती हळू आवाजात म्हणाली की खेळ आठवड्याअखेर बाहेर जायचा आहे. तोवर काकांनी हेच काम करणारा दुसरा आवाज आणला तर ती हा काढून तो घालेल. तसा मिळाला नाही तर हाच राहील, कारण त्या बाईंना वाटलेली शरम तिला पुसायची नव्हती. काकांनी होकार दिला. ती चूक बोलत नव्हती.

त्या दिवसापासून काका तांब्या, पेला, घंटा, कुलूप, काचेची बरणी, सायकलची तार, हाताला येईल ते वाजवू लागले. काही गोड वाजे, काही गंभीर, पण जेवायला ये असं त्यातलं एकही म्हणेना. आणि दुपारी काकू दार ढकलून वाडग्यावर चमचा मारत तेव्हा काकांच्या डोळ्यांसमोर तो उपडा वाडगा येई. ते उठत, पण उशिरा. जेवत, पण अर्धं. एकदा तर त्यांनी गाजर मोडलं आणि तसंच ठेवून दिलं.

ते गाजर पाहिल्यावर मात्र काकू घाबरल्या. त्यांनी काकांची जीभ पाहिली, कपाळाला हात लावला आणि ओठांनी विचारलं की डॉक्टरांकडे जायचं का. काका म्हणाले, काही नाही, जरा गॅस झालाय. बसस्थानकावर तिकीट नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या चप्पल घालून थेट माडीवर गेल्या, पुतणीला खुर्चीवरून उठवलं आणि बोटाने पडदा दाखवला. ओठ विचारत होते, सांग मला, त्या माणसाला तुम्ही काय केलंत?

पुतणीने सगळं सांगितलं. काकू खेळायला बसल्या. मागोमाग काकाही धापा टाकत जिना चढून आले आणि दारातच थबकले.

काकूंनी आजीला आधी वाढलं. मग मुलांना. आईला काहीच ठेवलं नाही, आणि गणित्याने सुचवलं की असं केलंत तर आई लवकर जाईल, तर त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. धान्य आलं. नाद वाजला. काकूंनी भुवया उंचावल्या. त्या पुढे खेळत राहिल्या. कितीही जपलं तरी एका सकाळी आजी गेलीच, कारण त्या दुष्काळात आज्या जातच होत्या. नाद पुन्हा वाजला. काकांनी मान खाली घातली.

काकू खुर्चीत वळल्या. त्यांचे ओठ स्पष्ट, सावकाश हलले, जुन्या दिवसांत गाडीचा फलाट सांगायच्या तसे.

"हा मी नाही."

काका म्हणाले, आपलाच वाडगा आहे, मी स्वतः वाजवला. काकूंनी कपाळावर हात मारला. काकांच्या पिशवीत तो वाडगा होताच, नव्या आवाजांशी ताडून बघायला ते रोज जेवण झालं की तो पिशवीत टाकत. काकूंनी तो ओढून काढला, टेबलावर मांडला आणि चमच्याने मारलं. तोच नितळ नाद. मग गणित्याचा डबा त्यांनी न विचारता उघडला, त्यातला सगळा भात वाडग्यात ओतला, वर भाजी घातली आणि पुन्हा मारलं.

ठप्प.

पाणी भरलेल्या घागरीवर टिचकी मारावी तसा तो आवाज. जाड, बसका, लगेच मिटणारा. काकू ओठांनी म्हणाल्या, "मी तुम्हांला रिकाम्या वाडग्यावर कधी बोलावलं?"

काका त्या भाताकडे बघत राहिले. वाढलेला वाडगा घेऊनच त्या यायच्या, रोज, इतकी वर्षं. भात सांडेल, आवाज बसेल, म्हणून धंद्यातल्या सवयीने त्यांनी तो रिकामा करून, घासून वाजवला होता. आणि त्याहून नवल हे की दारातला तो बसका ठप्पच त्यांच्या कानांत शिरताना किणकिणत होता. ज्या कानांचा एवढा अभिमान, ते एवढ्यापुरते साफ खोटं ऐकत आले होते.

"बहिरे कुठले," काकूंच्या ओठांवर आलं, आणि त्या गालात हसल्या. मग काकाही हसले. गणित्याने हळूच विचारलं की माझा भात मला परत मिळेल का, तेव्हा पुतणीसुद्धा.

हसू ओसरल्यावर पुतणीने विचारलं, "मग आता कुठे काय वाजवायचं?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी वाडगा पुढे ओढला आणि भातात बोट खुपसून पाहिलं.

"धान्य आलं की भरल्याचा. ठप्प. सुंदर नाही, पण खरा आहे," ते म्हणाले. "आणि आजी जाईल तेव्हा रिकाम्याचा. एकदाच. विरेपर्यंत मधे काही येऊ द्यायचं नाही."

"आणि शरम?" पुतणी म्हणाली. "ती नाही सोडणार मी, काका."

"सोडू नकोस. तो विरला की मागून चौघांचे ठप्प येऊ देत. अगदी हळू." ते काकूंकडे न बघता बोलत होते. "हाक ती असते. माणूस गेलं तरी उरलेल्यांना जेवायला बोलवावं लागतंच."

काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. आपली हाक मरणामागून वाजणार, हे त्यांनाही समजलं होतं. त्यांनी नको म्हटलं नाही.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी झालं, गोधड्यांच्या खोलीत. यावेळी चमचा काकूंनी मारला. काकांनी आग्रहच धरला की भात ताजा हवा, गरम हवा, थंड भात वेगळा वाजतो. ते खरं होतं की बहाणा होता हे पुतणीला शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रत्येक वाडगा वाजवून झाला की काका तो रिकामा करत आणि म्हणत की अजून एकदा घेऊ, मनासारखं झालं नाही. काकू पुन्हा वाढत. शेवटी भांड्यातला भात संपला तेव्हा रेकॉर्डिंग मनासारखं झालं.

खेळ बाहेर गेला. लोकांनी तो खेळला, काहींनी अर्ध्यावर सोडला. शिक्षिकाबाई मुद्दाम पुन्हा येऊन खेळून गेल्या. आजी गेली तेव्हा यावेळी त्यांना हसू आलं नाही. तो नाद विरेपर्यंत त्यांनी हात उचलून ठेवले होते, आणि मागून ते चार बसके ठोके आले तेव्हा त्यांनी डोळे पुसून पुढचं धान्य वाटलं.

काका आता एका समुद्री चाच्यांच्या खेळाचं काम करतात. परवाच एक गलबत बुडवत होते. घंगाळात फळकुटं दाबून धरली होती, पाणी बुडबुडत होतं, कप्तानाचा जीव जायचा होता. दार ढकललं गेलं. ठप्प, ठप्प.

काकांनी कान दिला. किणकिणतं का ते त्यांनी पाहिलं. नाही, ठप्पच होतं. भाजी जरा जास्त वाढलेली असावी, असा अंदाज बांधत त्यांनी गलबत तसंच बुडू दिलं, ओले हात सदऱ्याला पुसले आणि वाडग्याच्या मागोमाग अंगण ओलांडलं.